दोन एसी की जुनेच कूलर? मानेवाड्यातल्या एका घराची उन्हाळी खरेदी

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. माळ्यावरची जाळी खाली येते, टाकीतला गंज घासला जातो, मोटर फिरते का ते पाहिलं जातं. मानेवाड्यातल्या या घरात मात्र यंदा कूलर काढायचे की विकायचे यावरच वाद सुरू झाला. मी त्यांचा शेजारी. विजेच्या कामात नोकरी झालेली, म्हणून हिशेबाला मला बसवलं. त्यांच्या परवानगीने, नावं न देता, हे प्रकरण लिहितो आहे. पर्यावरणाचा विचार करून खरेदी करायची म्हणजे दुकानात जाऊन नक्की काय करायचं, हे मला या एका घरात जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचितच दिसतं.

घर तळमजला आणि वर एक मजला असं. माणसं पाच. दादा-वहिनी, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि ७८ वर्षांचे आजोबा. आजोबांना दमा आणि रक्तदाब. त्यांची खोली खाली, साधारण १० बाय ११ फुटांची. बाकीच्यांच्या खोल्या वर, थेट स्लॅबखाली. कूलर दोन, दोन्ही लोखंडी, इथल्याच कारागिराने बनवलेले. एकाची टाकी गळत होती, दुसऱ्याची मोटर गुरगुरत होती.

दादांनी बर्डीच्या एका दुकानातून कोटेशन आणलं: दीड टनाचे, तीन स्टारचे दोन एसी, जुने कूलर एक्सचेंजमध्ये जमा. मुलाचं म्हणणं, घरात एसी येताच कामा नये. मुलीला प्लास्टिकचा नवा कूलर पसंत पडला होता, ज्याच्यावर हिरव्या पानाचं चित्र आणि 'ईको' असं छापलं होतं. आजोबा म्हणाले, "मले कूलरच्या आवाजाशिवाय झोपच नाही येत." खरेदी वहिनींच्या हातात होती आणि त्यांचा स्वभाव असा की कळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

आधी हवा, मग वस्तू

आम्ही सुरुवात दुकानापासून केली नाही. नागपूरचा उकाडा एकसारखा नसतो, दोन जातींचा असतो, आणि तिथूनच सगळं ठरतं. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत हवा कोरडी ठणठणीत. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ वर आणि हवेतला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास, हे इथलं नेहमीचं चित्र. अशा हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. दीड टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता बाहेर फेकतो, तेवढी आठ लिटर पाणी उडून गेलं की निघून जाते. विजेचं काम फक्त पंखा आणि छोटा पंप फिरवण्याचं.

४३ अंश आणि १५ टक्के ओलावा असताना पाणी उडवून हवा जास्तीत जास्त साडेबावीस-तेवीस अंशांपर्यंतच खाली येऊ शकते. ही निसर्गाची मर्यादा. चांगली भिजलेली, दाट ताटी, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेली गवताची किंवा पुठ्ठ्याची गादी, त्यातला ८० टक्के पल्ला गाठते, म्हणजे कूलरमधून सत्तावीस अंशांची हवा येते. ताटी बसकी झाली असेल, मधे भोकं पडली असतील, तर तीच हवा एकतीसवर अडते. घरात ओरड होते, "कूलर थंड करत नाही, आता एसी घेऊ." दोष असतो शे-दोनशे रुपयांच्या ताटीचा.

जूनच्या शेवटी चित्र उलटं होतं. तापमान ३४, ओलावा ६५ टक्के. आता पाणी उडतच नाही. उत्तम कूलरही साडेएकोणतीसच्या खाली जात नाही, आणि येणारी हवा चिकट. दम्याच्या माणसाला अशी खोली नको वाटते. इथे एसी लागतो, आणि तो लागतो असं म्हणण्यात मला काही वावगं वाटत नाही. मुलाचा हट्ट मला पटला नव्हता. ७८ वर्षांच्या माणसाने तत्त्वासाठी घामाघूम होऊन रात्र काढावी, असा पर्यावरणाचा अर्थ मी तरी लावत नाही. उष्णतेचा सगळ्यात मोठा धोका म्हाताऱ्या माणसांनाच असतो.

त्यामुळे प्रश्न 'एसी की कूलर' असा राहिला नाही. कोणासाठी, कोणत्या आठवड्यांत आणि किती तास, असा झाला.

हिशेब

कागदावर मांडलेला हिशेब असा. दादांचा बेत म्हणजे दोन एसी, रोज १० तास, ९० दिवस. वरच्या खोलीवर दिवसभर तापणारा स्लॅब, म्हणून तासाला ०.९ युनिट धरलं. होतात १,६२० युनिट. कूलरला मोटर आणि पंप मिळून २०० वॉट धरले. रोज १३ तास, ९० दिवस, दोन कूलर. होतात ४६८ युनिट. कूलर जास्त तास धरूनही तिपटीहून जास्त फरक.

आपल्याकडे ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकीकडे सव्वाअकराशे किलो, दुसरीकडे सव्वातीनशे. नागपूरकराला हे आकडे दूरचे वाटू नयेत. कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक केंद्रं शहराच्या कुशीतच आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा बंधारा फुटून ती राख आजूबाजूच्या शेतात आणि नाल्यात पसरली, ते ठिकाण इथून तासाभराच्या आत आहे. उन्हाळ्यात आपण बटण दाबतो तेव्हा कोळसा आपल्याच अंगणात जळतो.

आता पाणी, जिथे कूलरवाल्यांची बाजू लंगडी पडते. ऐन उन्हाळ्यात मोठा कूलर तासाला १०-१२ लिटर सहज पितो. दिवसाला दीडशे लिटर धरले तर दोन कूलरचे ९० दिवसांत २७ हजार लिटर. शहराला पाणी येतं पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. २०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं तेव्हा दिवसाआड नळ यायचे, ते अजून कोणी विसरलेलं नाही. मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे एसीच बरा ना काका?" पण विजेलाही पाणी लागतं. कुलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने जी मर्यादा घातली, ती युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. त्या दराने दोन एसींच्या विजेमागे साडेपाच हजार लिटरहून थोडं जास्त पाणी जातं. कोराडीच्या बाबतीत एवढं की भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी तिथे वापरलं जातं. कूलरमध्ये मात्र बहुतेक घरांत पिण्याचंच पाणी ओतलं जातं. पाण्याच्या तागडीत कूलर जड आहेच, ते लपवून उपयोग नाही.

मग पाणी वाचवायचं कसं? वहिनींनी तीन गोष्टी ठरवल्या. रिकाम्या खोलीत कूलर चालणार नाही. पहाटे हवा उतरली की पंप बंद, नुसता पंखा. आणि कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी. ही तिसरी गोष्ट नागपुरातही अर्ध्या घरांत पाळली जात नाही. खोली बंद करून कूलर लावला की ओलावा आत साठतो, गारवा जाणवत नाही, लोक पंप आणखी जोरात सोडतात. कूलरला बाहेर जायला वाट लागते, एसीला बंद खोली लागते.

आरओचं फेकलं जाणारं पाणी कूलरमध्ये टाका असा सल्ला या दिवसांत सगळीकडे फिरतो. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ताटीवर पांढरा थर धरतो, पंपाचं तोंड चोंदतं आणि एका हंगामात ताटी फेकावी लागते. ते पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरावं. वहिनींकडे आता त्यासाठी वेगळी बादली आहे.

दुकानात

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो एसीच्या लेबलसमोर. विक्रेत्याने "मॅडम, फाइव्ह स्टार घ्या, बिल येतच नाही" असं सुरू केलं. वहिनींनी चष्मा काढला आणि लेबल वाचायला घेतलं.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या त्या लेबलवर ताऱ्यांखाली बारीक अक्षरात खरी माहिती असते. एक, आयएसईईआर हा आकडा. एसीने वर्षभरात जेवढी उष्णता काढली, भागिले त्यासाठी लागलेली वीज. जितका मोठा तितका चांगला. दोन, वर्षाला लागणारे युनिट. हे १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात, आणि तपमान २४ ते ४३ अंश धरून. तुम्ही ३०० तासच लावणार असाल तर तो आकडा तुमचा नाही, आणि ४५ अंशांत स्लॅबखाली लावणार असाल तर तोही तुमचा नाही. पण एकाच मापाच्या दोन एसींची तुलना करायला तो पक्का. तीन, लेबलचा कालावधी. ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा कालचा पाच स्टार आज चार स्टार झाला. या दुकानात सवलतीत ठेवलेल्या एका पाच स्टार एसीवर उलटून गेलेला कालावधी होता. तारे मोजून घेणाऱ्याला तो शेजारच्या नव्या पाच स्टारइतकाच वाटला असता. आयएसईईआरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसला. ब्युरोचं स्टार लेबल नावाचं ॲप आहे, त्यात मॉडेलचा क्रमांक टाकून तिथेच खात्री करता येते.

मग वहिनींनी विचारलं, "यात गॅस कोणता?" विक्रेत्याला हा प्रश्न नवा होता. तो मागची पाटी वाचायला गेला. हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक, आणि हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापवणारा. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापवण्यात २,००० पटींच्या पुढे. आता बहुतेक ठिकाणी मिळतो तो आर-३२, सुमारे ६७५ पट. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा तीनच्या आसपास, पण तो पेट घेणारा असल्याने बसवणारा जाणकार हवा. असे वायू कमी करण्यासाठी जागतिक करारात झालेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि आर-४१०ए, आर-३२ यांसारखे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. आज घेतलेला एसी तेव्हाही भिंतीवर असेल.

माप किती, यावरही विक्रेत्याचा जोर दीड टनावर होता. आजोबांची खोली ११० चौरस फूट, वर मजला असल्याने स्लॅब तापत नाही. एक टन पुरतो. गरजेपेक्षा मोठी मशीन घेणं ही महागडी चूक लोक 'राहू द्या, असलेलं बरं' म्हणून करतात.

'ईको' कूलरपाशी मुलगी थांबली होती. वहिनींनी दुकानदाराला सरळ विचारलं, ईको म्हणजे काय? वॉट किती? बॉडीचं प्लास्टिक कोणतं? टाकी चिरली तर सुटी मिळते का? वॉट तेवढे पुस्तिकेत सापडले, आणि ते घरच्या कूलरच्या जवळपासच होते. टाकी सुटी मिळत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या हिरव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 'ईको', 'ग्रीन', 'निसर्गस्नेही' असं मोघम छापायचं असेल तर त्याला आधार द्यावा लागतो आणि तो गिऱ्हाइकाला सापडेल असा द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. एसी-पंख्यांवर असतं तसं ताऱ्यांचं लेबल त्या दुकानातल्या एकाही कूलरवर आम्हाला दिसलं नाही, म्हणून वॉट स्वतः विचारणं जास्तच गरजेचं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वाईट पर्याय दोन एसींचा नव्हता. चालू शकणारे लोखंडी कूलर भंगारात देऊन तेवढीच वीज खाणारा, दुरुस्त न होणारा प्लास्टिकचा कूलर आणणं हा होता. त्यात बचत काहीच नाही आणि कचरा दुप्पट, वर मनाला समाधान की आपण हिरवं काही घेतलं.

दुरुस्ती

कूलरवाला घरी आला तेव्हा त्याने बॉडीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "कायले फेकून राह्यले ताई? पत्रा तर मस्त आहे. अजून दहा वर्षं काही होत नाही याले." गळकी टाकी खालून पत्रा लावून, आतून डांबराचा रंग मारून बंद झाली. गुरगुरणाऱ्या मोटरचे बुश बदलले. दोन्ही पंप नवे. एक टन पोलाद बनवताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो खर्च या दोन बॉड्यांनी बारा वर्षांपूर्वीच केला आहे. त्या जितक्या टिकतील तितका तो वसूल होतो.

ताटी कोणती, यावर त्याचं आणि माझं बराच वेळ बोलणं झालं. हनीकोंबची ताटी जाड पुठ्ठ्याची, रेझिनमध्ये भिजवलेली. ती दोन-तीन वर्षं जाते, थंडही चांगलं करते, पण पाणी जड असेल तर तिची छिद्रं बुजतात आणि फेकल्यावर ती कुजत नाही. लाकडाच्या बारीक तंतूंची, जिला आपण गवताची ताटी म्हणतो, ती दर वर्षी बदलावी लागते, पण जाळी काढून गवत झाडांच्या बुडाशी टाकता येतं. वाळ्याची महाग, सुगंधी. वहिनींनी वरच्या कूलरला गवत आणि आजोबांच्या कूलरला वाळा असं केलं. मी पुठ्ठ्याच्या बाजूचा होतो, कारण टिकाऊपणा. पण त्यांच्याकडे वर बोअरचं पाणी चढतं, ते जड आहे, आणि पुठ्ठा तिथे दोन वर्षं टिकला नसता. त्यांचा निर्णय त्यांच्या पाण्याला धरून होता.

दोन गोष्टी मी आग्रहाने करून घेतल्या. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि बोर्डावर विजेची गळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलीॲम्पिअरचा स्विच. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पर्यावरणासाठी जुनी वस्तू चालवायची तर ती आधी सुरक्षित हवी, यात तडजोड नाही. दुसरी, दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभरच लागतो.

जे यादीत नव्हतं

हिशेब करताना दोन खर्च असे निघाले जे कोणाच्याच डोक्यात नव्हते. पहिला, गच्चीवर पांढरा रंग. सूर्याचं ऊन परत फेकणारा रंग लावला की खालची खोली काही अंशांनी उतरते, आणि मग कूलर असो की एसी, दोघांचंही काम हलकं होतं. मुलांनी दोन सुट्ट्यांत गच्ची धुऊन दोन हात मारले.

दुसरा पंख्यांचा. घरातले तीन जुने पंखे ७५ वॉटचे. बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटमध्ये तेवढीच हवा देतो. पंखा वर्षाचे २७० दिवस, रोज १२ तास चालतो असं धरा. एका पंख्यामागे १४६ युनिट वाचतात, तिघांमागे ४३७. म्हणजे दोन कूलरचा अख्खा उन्हाळा जवळपास भरून निघाला. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तरी पंखा घेताना लेबल वाचणारं गिऱ्हाईक विरळाच. माणूस एसीसमोर तासभर विचार करतो आणि पंखा रंग पाहून घेतो.

शेवटी खरेदी झाली ती अशी: एक टनाचा, पाच स्टारचा, आर-३२ वायूचा एक एसी आजोबांच्या खोलीत. तीन पंखे. दोन्ही कूलर जुनेच. एक्सचेंजची सवलत सोडली, याचं दादांना वाईट वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण एसीसाठी काढून ठेवलेल्या पैशांत हे सगळं बसलं आणि उरलं.

हंगाम कसा गेला

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, कूलरवरच निघाला. वर मुलांची कुरकूर दुपारच्या वेळी होती, रात्री नाही. आजोबांच्या खोलीतला एसी मृगानंतरच नियमित सुरू झाला, २६ अंशांवर, सोबत पंखा. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर लागतात. त्याहून एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतं. पाऊस सुरू होऊन हवा उतरेपर्यंत आणि पुढे भाद्रपदातल्या उकाड्यात मिळून ३०० तास धरले, तासाला अर्धा युनिट, तर वर्षाला दीडशे युनिट. मे महिन्याचं महावितरणचं बिल ३०० युनिटच्या पायरीच्या आत राहिलं. ती पायरी ओलांडली की वरच्या युनिटचा दर चढतो, त्यामुळे दादांचा एक्सचेंजचा सल बराचसा गेला.

मुलाचं पूर्ण समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, एकदा भिंतीवर एसी आला की तास वाढतच जातात, पुढच्या वर्षी मे महिन्यातही लागेल. ही शंका खोटी नाही. तिला उत्तर म्हणून वहिनींनी एसीच्या लाइनवर वेगळं छोटं मीटर बसवून घेतलं आहे आणि दर महिन्याचा आकडा कॅलेंडरवर लिहिला जातो.

ऑक्टोबरमध्ये एक मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला. जाळी धुतली आणि म्हणाला, "गॅस थोडा कमी वाटून राह्यला, दर वर्षी टॉप-अप करून घेत जा." एसीतला वायू पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्या बंद असतात, कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वर भरणं म्हणजे ६७५ पट तापवणारा वायू पैसे देऊन हवेत सोडणं. वहिनींनी त्याला आधी प्रेशर मोजायला लावलं. ते बरोबर होतं. त्याने सिलिंडर गाडीला परत बांधला आणि फक्त धुण्याचे पैसे घेतले.